ईव्ही शेवटी कोळशावरच चालते ना? मग फायदा नक्की किती?

सिंहगडरोडकर

मंडळी, जरा आकडेमोडीत मदत हवीये. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट द्यायचे की नाही यावर मीटिंग झाली आणि नेहमीप्रमाणे भरकटली. लोड वाढेल, केबल कुठून न्यायची, आग लागली तर काय, हे सगळं मी समजू शकतो, त्याला उत्तरं आहेत. पण मग एक काका उठले (निवृत्त प्राध्यापक आहेत त्यामुळे सगळे कान देऊन ऐकतात) आणि म्हणाले पर्यावरणाच्या नावाखाली ही शुद्ध धूळफेक आहे, वीज येते कोळसा जाळून, तिथे दोन तृतीयांश उष्णता आधीच वाया, मग तारांमध्ये गळती, मग चार्जरमध्ये, मग बॅटरीत, त्यापेक्षा पेट्रोल सरळ गाडीतच जाळलेलं काय वाईट. सभा एकदम शांत. मी पण शांत, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरंच वाटतंय.

माझ्याकडे नेक्सॉन आहे, जुनी ३०.२ युनिटची बॅटरीवाली. सध्या ओळखीच्या एका दुकानाच्या आवारात चार्ज करतो, तिथे वेगळा सबमीटर लावून घेतलाय म्हणजे पैशाचा वाद नको. गाडीचा स्क्रीन म्हणतो शहरात १०० किमीला साधारण १४ युनिट लागतात. सबमीटर मात्र त्याच अंतराला १६ च्या आसपास दाखवतो. म्हणजे दोन युनिट कुठेतरी हवेत जातायत हे मला स्वतःलाच दिसतंय. आता याच्या मागे तारांची गळती, त्याच्या मागे बॉयलर, असं मागे मागे गेलं तर काका बरोबर निघतील की काय अशी शंका यायला लागलीय.

तर पेट्रोलशी खरी तुलना कशी करायची? "ईव्ही म्हणजे झिरो पोल्यूशन" असली जाहिरातीतली उत्तरं नकोत प्लीज, आणि "बॅटरी पेट घेते" हे पण नको, त्याचा धागा वेगळा आहे.

टँकरवाला

काकांना एवढंच विचारा की पेट्रोल पंपाखाली विहिरीत सापडतं का. क्रूड आखातातनं जहाजानं येणार, जामनगर नाहीतर चेंबूरला रिफायनरीत तापवणार, मग पाइपलाइन, मग डेपो, मग आमच्यासारखे टँकर. त्या सगळ्याला इंधन लागत नाही वाटतं? विजेचा हिशोब खाणीपासून आणि पेट्रोलचा पंपापासून, हा कुठला न्याय.

बॉयलरबुवा

माझी उभी नोकरी औष्णिक केंद्रांत गेली त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

काकांनी गळती विजेच्या बाजूची सगळी मोजली आणि इंजिनाची एकही मोजली नाही. सगळ्यात मोठी गळती तर तिथेच आहे. आपण त्यांच्याच अटीवर खेळू, म्हणजे धरून चालू की वीज १०० टक्के कोळशाचीच आहे, सूर्य वारा पाणी काही नाही.

कोळशात उष्णता १०० भाग घ्या. आपल्याकडचे जुने २१० मेगावॅटचे संच आणि कोराडीचे नवे ६६० चे सुपरक्रिटिकल संच यांची सरासरी धरली आणि केंद्राची स्वतःची खाद्यखोराकी वजा केली (कोळसा दळायच्या गिरण्या, पंखे, फीडपंप हे सगळं विजेवरच चालतं, साताठ टक्के तिथेच जातात) तर बाहेर पडणाऱ्या तारेवर साधारण ३४ भाग येतात. पारेषण आणि वितरण मिळून १५-१६ टक्के गळती धरा, प्लगपर्यंत २९ उरले. तुमचा सबमीटर म्हणतोय १६ मधले १४ बॅटरीत जातात, तर २९ चे २५ झाले. मोटर, इन्व्हर्टर, गिअर वगैरेत अजून थोडे, चाकावर पोचले २२.

आता पेट्रोल. जमिनीतल्या क्रूडचे १०० भाग, काढणं, आणणं, शुद्धीकरण, टँकर यात १५ गेले, टाकीत ८५. इंजिनाची कार्यक्षमता कागदावर ३५-३८ टक्के असते पण ती एका ठराविक आरपीएमला आणि ठराविक लोडला, टेस्ट बेंचवर. सिंहगड रोडला संध्याकाळी सहा वाजता तुमचं इंजिन त्या अवस्थेत कधीच नसतं. अर्धा वेळ नुसतं घरघरत उभं, मग क्लच, पहिला, दुसरा, ब्रेक, परत पहिला. शहरात सरासरी २० टक्के मिळाले तरी डोक्यावरून पाणी. म्हणजे चाकावर १७ भाग.

२२ विरुद्ध १७. म्हणजे निव्वळ कोळशावर चालवली तरी ईव्ही ऊर्जेच्या हिशोबात मागे नाही, उलट थोडी पुढेच आहे.

पण थांबा, इथे काकांना एक पत्ता अजून शिल्लक आहे आणि तो त्यांना सुचायच्या आधी तुम्हीच टाका म्हणजे तुमची पत राहील. तेवढीच उष्णता मिळवायला कोळसा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यामुळे ऊर्जेत जे कमावलं ते धुराड्यात बहुतेक गेलं. १०० टक्के कोळशाच्या विजेवर कार्बनची लढत जवळजवळ बरोबरीत सुटते. कुणी यापेक्षा फार वेगळं सांगत असेल, इकडून किंवा तिकडून, तर त्याने कुठलीतरी एक गळती खिशात घातलेली असते.

आता अट सोडून खऱ्या ग्रिडवर (सगळ्या केंद्रांची वीज एकत्र वाहणाऱ्या जाळ्यावर) या. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडची सरासरी काढतं, ती सध्या एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. निव्वळ कोळशाची असती तर ०.९५ ते १ किलोच्या घरात गेली असती. तुमचे प्लगवरचे १६ युनिट म्हणजे केंद्रावर १९ युनिट, गुणिले ०.७२, म्हणजे १०० किमीला १३.७ किलो. तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी शहरात १२ चं ॲव्हरेज देत असेल तर १०० किमीला ८.३ लिटर, लिटरला २.३ किलो धरून सायलेन्सरमधूनच १९ किलो, रिफायनरीपर्यंतचं धरलं तर २२. हा झाला शहरातला फरक, आणि तो चांगला मोठा आहे.

गिअर_पाचवा

बुवा तुमचा हिशोब आवडला, मानलं. पण तुम्ही तुलना सगळ्यात सोयीच्या ठिकाणी केलीत. शहर आणि ते पण पेट्रोल १२ चं. आता हीच नेक्सॉन एक्स्प्रेसवेला १०० ने हाणा. १४ चे १६-१७ युनिट होतात, केंद्रावर २२, म्हणजे १६ किलोच्या वर. पेट्रोल गाडी तिथे पाचव्या सहाव्या गिअरला १७ देते, पंपामागचं सगळं धरून १५-१६ किलो. झाली ना बरोबरी? जो माणूस आठवड्याला पुणे मुंबई पुणे करतो आणि शहरात स्कूटर वापरतो त्याने पर्यावरणासाठी ईव्ही घेतली असं म्हणू नये एवढंच माझं म्हणणं. पैशासाठी घेतली म्हणा, शांत चालते म्हणून घेतली म्हणा, काही हरकत नाही.

आणि स्ट्राँग हायब्रिडचं नाव कुणी घेत नाही. ग्रँड व्हिटारा हायरायडर वगैरे. शहरात सहज २० च्या वर देतात कारण सिग्नलला इंजिन बंदच असतं आणि ब्रेकमधली ऊर्जा परत घेतात, म्हणजे ईव्हीच्या निम्म्या युक्त्या त्यात आहेतच. १०० किमीला ५ लिटर, साडेअकरा किलो, मागचं धरून तेरा. म्हणजे आजच्या ग्रिडवर तुमच्या ईव्हीएवढंच, आणि चार्जिंग पॉइंटसाठी सोसायटीत भांडायला नको. माझ्या मेव्हणीची सीएनजी वॅगनआर तर किलोला २६ देते, किलोला पावणेतीन किलो कार्बन धरला तर १०० किमीला साडेदहा. सगळ्यांपेक्षा कमी! (गळणारा मिथेन धरला नाहीये हे मान्य, आणि वॅगनआर लहान गाडी आहे हे पण मान्य.)

बॅटरी बनवायचा खर्च अजून धरलाच नाहीये कुणी. एका युनिट क्षमतेला ६० ते १०० किलो कार्बन असे अंदाज असतात, ३० च्या बॅटरीला दोन अडीच टन. ते फिटेपर्यंत किती फिरायला लागेल ते बघा.

बॉयलरबुवा

शहरात १०० किमीला ८ किलो वाचतात, अडीच टन म्हणजे ३० हजार किमीच्या आसपास फिटले. एक्स्प्रेसवेवरच फिरलात तर कधीच फिटणार नाहीत, हे तुमचं बरोबर.

लहान मोठ्या गाडीचा मुद्दा मात्र ठळक करायला हवा होता, तो तुम्ही कंसात टाकलात. दोन टनी ईव्ही एसयूव्ही ७०-८० युनिटची बॅटरी घेऊन एकटा माणूस ऑफिसला जातो त्याला मी पर्यावरणस्नेही म्हणणार नाही. टियागोसारखी छोटी ईव्ही शहरात १० युनिटात १०० किमी जाते, तिचा हिशोब करा, वॅगनआर सीएनजीच्या बरोबरीला येते. लहानाची लहानाशी लावा मोठ्याची मोठ्याशी.

आणि हायब्रिड आज जेवढं पेट्रोल पिते तेवढंच बारा वर्षांनी पण पिणार, किंबहुना थोडं जास्त. ईव्हीमागचं ग्रिड त्या बारा वर्षांत बदलतंय. गाडी तीच, मालक तोच, आणि धूर कमी होत जातो.

सिंहगडरोडकर

बुवा, पाचवा, दोघांचे आभार, एवढं व्यवस्थित अपेक्षित नव्हतं. आता एक गोंधळ. २०२५ मध्ये बातमी होती की देशाची निम्मी वीज क्षमता बिगर-जीवाश्म झाली. निम्मी वीज जर स्वच्छ असेल तर ०.७२ कसं काय? अर्धंच व्हायला हवं ना, ०.५ च्या खाली?

बॉयलरबुवा

क्षमता निम्मी झाली. वीज निम्मी नाही झाली. बातम्यांत या दोन गोष्टींची कायम सरमिसळ होते.

एक मेगावॅटचं सोलर दिवसाचे चोवीस तास एक मेगावॅट देत नाही, रात्री शून्य, सकाळी थोडं, ढग आले की निम्मं. वर्षाची सरासरी काढली की क्षमतेच्या २०-२५ टक्केच हाती लागते. कोळशाचा संच मात्र ६०-७० टक्के सहज चालतो. त्यामुळे क्षमतेत निम्मेनिम्मे असले तरी प्रत्यक्ष युनिटांत कोळसा अजून ७० टक्क्यांच्या वर आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ. आपल्या राज्यात दुपारी बारा ते तीन सोलर भरपूर असतं, शेतीपंपांचा लोड पण आता मुद्दाम दिवसा आणला जातोय, सौर कृषी वाहिनीतनं. तेव्हा कोळशाच्या संचांना खाली यायला सांगतात, आणि ते खाली येताना कुरकुरतात, कारण बॉयलर काही पंख्याचा रेग्युलेटर नाही, ५५ टक्क्यांच्या खाली गेलं की आमच्या लोकांची झोप उडते. सूर्य मावळला की सगळं उलटं. घरोघरी दिवे, एसी, मिक्सर, आणि सोलर गायब. तेव्हा कोयना धावून येते. १९६० मेगावॅट, काही मिनिटांत पूर्ण लोड घेते, असली चपळाई कोळशाच्या बापाला जमणार नाही. पण कोयनेला पाणी मोजून मिळतं, पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवून दिलेलं, त्यामुळे ती संध्याकाळच्या गर्दीसाठी राखून वापरतात. रात्री अकरानंतर कोयना झोपते आणि चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस ही मंडळी घोंगडं पांघरून पहाटेपर्यंत चालू. जोडीला तारापूरची अणुवीज आणि मिळाला तर वारा.

आणि आपण ईव्हीवाले गाडी चार्जिंगला लावतो कधी? घरी आलो, जेवलो, रात्री साडेदहाला प्लग. ०.७२ ही सरासरी आहे, रात्रीच्या युनिटात कोळसा त्याहून जास्त आणि दुपारच्या युनिटात कमी. म्हणून "ईव्ही किती स्वच्छ" याचं उत्तर "किती वाजता लावता" यावर बरंच अवलंबून आहे. पेट्रोलच्या गाडीला ही सोयच नाही, सकाळी भरा नाहीतर रात्री, धूर तेवढाच.

चांदागड

राजेहो, एवढे आकडे झाले, आता आमचंही ऐका. मी चंद्रपूरचा. १९६० ची कोयना सांगितली, आमचं २९२० मेगावॅटचं सांगायचं राहिलंच. दुर्गापूर पद्मापूरच्या खाणीतून कोळसा, इरई धरणाचं पाणी, आणि वीज निघाली की निघाली थेट तुमच्याकडे.

आमच्या कोळशात राख किती असते माहीत आहे का, शंभर किलो जाळला तर तीस चाळीस किलो राखच उरते. ती कुठं जाते? तुमच्या पुण्याला नाही जात बापा. उन्हाळ्यात पारा ४५-४६ ला, गच्चीवर वाळत टाकलेले कपडे झटकूनच घरात आणायचे, पांढरा शर्ट घ्यायचाच नाही असं आमच्या घरी ठरलेलं आहे. हे कोणा एकामुळं आहे असं म्हणत नाही, खाणी आहेत, कोळशाचे ट्रक आहेत, सिमेंट आहे, चिमण्या आहेत, सगळं मिळून आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळानं अतिप्रदूषित जागांच्या यादीत आमचं नाव घातलं त्याला किती वर्षं झाली. सल्फर काढायची यंत्रं बसवा म्हणून २०१५ ला नियम आला, मग मुदतवाढ, परत मुदतवाढ, आणि २०२५ ला देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच देऊन टाकली.

तुमच्या शहरात ईव्ही आली की सिंहगड रोडची हवा सुधारेल हे खरंच आहे, लेकराबाळांच्या नाकाशी सायलेन्सर नाही, त्याचा आनंदच आहे. पण जेवण तुमच्या ताटात आणि खरकटं आमच्या दारात असं होऊ नये. तुमच्या त्या काकाला सांगा की कोळशाचं एवढं वाईट वाटत असेल तर पहिले घरचे चार एसी बंद कर, गाडीचं नंतर बघू. आमच्याकडं आता इतकंच बाकी आहे की प्लांटच्या आवारात वाघ फिरतात आणि त्यांना पण बहुतेक खोकला झाला असंल 😄

कशेडी_घाट

चांदागड, शेवटचं वाक्य वाचून हसू आलं आणि मग हसू आल्याचं वाईट वाटलं.

एक गोष्ट जोडतो, कार्यक्षमतेवर चाललंय म्हणून. गाडी कशी चालवता यावर पण खूप आहे. बोरघाट उतरताना बघा, खंडाळ्याहून खोपोलीला पाचशे मीटर खाली येतो. माणसं धरून १६०० किलोची गाडी म्हणजे दोन युनिटांच्या जरा वर एवढी ऊर्जा उताराने आयती दिली. पेट्रोलवाला ती ब्रेकच्या तबकड्यांत जाळतो, घाटाच्या पायथ्याला थांबलात तर वास येतो तोच. ईव्हीत रीजेन (गाडी हळू करताना मोटरच वीज बनवते ते) वाढवून ठेवलं तर त्यातली निम्मी तरी बॅटरीत परत येते, टक्के खाली जायच्या ऐवजी वर चढताना दिसतात, पहिल्यांदा बघणारा पाहुणा मोबाइल काढून फोटो घेतोच. फक्त बॅटरी १०० टक्के भरून घाट उतरू नका, परत घ्यायला जागाच नसते मग रीजेन हात वर करतं.

उलट बाजूने वेग. ८० चे १०० केले की हवेचा विरोध दीडपट. पाचव्याने एक्स्प्रेसवेचा जो हिशोब दिला तो बरोबर आहे पण तोच माणूस ८५ ने गेला तर आकडा पुष्कळ सुधारतो. जातो कोण म्हणा.

आणि एसी! ट्रॅफिकमध्ये तासाला २० किमी जाताय आणि एसी एक किलोवॅट खातोय म्हणजे दर किमीला ५० वॅट-अवर, १०० किमीला पाच युनिट नुसते गारव्याचे. मे महिन्यात "माझी रेंज कमी झाली बॅटरी खराब झाली का" असे जे धागे निघतात त्यातल्या बऱ्याच जणांची बॅटरी ठणठणीत असते.

सांगलीकरीण

दुपारच्या चार्जिंगबद्दल माझा अनुभव सांगते. आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे, पीएम सूर्यघरमधून बसवलं, ७८ हजार सबसिडी आली. माझे क्लासेस घरीच असतात त्यामुळे गाडी दिवसा दारात उभी असते, साडेअकराला लावते ते तीनला काढते. उन्हाळ्यात दिवसाला १३-१४ युनिट होतात, गाडी आणि घर दोन्ही भागतं. जुलैमध्ये मात्र पाच सहावर येतं, तेव्हा फुशारकी मारायची नाही 😀

इकडची एक वेगळीच गंमत सांगते, गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या चिमण्यांतून बगॅसची (उसाच्या चिपाडांची) काजळी उडते ती सगळी पॅनलवर. हात फिरवला तर तळवा काळा. दर रविवारी मॉप घेऊन वर जायचं, सकाळी ऊन चढायच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. नाही पुसलं तर आठवड्यात फरक कळतो ॲपमध्ये. आणि तेच कारखाने त्याच बगॅसवर वीज करून ग्रिडला देतात, म्हणजे माझे पॅनल काळे करून माझीच गाडी रात्री चालवणार!

नेट मीटर असल्यामुळे रात्री लावली काय आणि दिवसा लावली काय बिलात फार फरक नाही पडत. माझे यजमान म्हणतात मग दुपारचा अट्टाहास कशाला. पण वर बुवांनी लिहिलंय ते वाचून बरं वाटलं.

गिअर_पाचवा

ताई, तुमचे यजमान बिलाच्या बाबतीत बरोबर आहेत. पण जे नेट मीटरवाले रात्री चार्ज करतात आणि "माझी गाडी सूर्यावर चालते" असा स्टिकर लावून फिरतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. रात्री अकराला सूर्य कुठला, तेव्हा चांदागडांच्या गावाचाच कोळसा.

बॉयलरबुवा

स्टिकर खरवडायला नको. त्यांनी दुपारी जेवढे युनिट ग्रिडला दिले तेवढा कोळसा दुपारी कमी जळला, रात्री त्यांनी तेवढाच परत घेतला. वर्षाच्या वहीत जमाखर्च जुळतो. फक्त दुपारी सगळेच देणारे आणि रात्री सगळेच घेणारे झाले तर मग वही जुळून उपयोग नाही, दुपारची वीज साठवायला काहीतरी लागेल. घाटघरला आहे तसं पाणी खालून वर चढवून ठेवायचं, किंवा मोठ्या बॅटऱ्या. घाटघर २५० मेगावॅटचं आहे, गरजेच्या मानाने चिमूटभर. तोपर्यंत ताई करतात तेच बरं, ऊन असताना सरळ गाडीत.

स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना महावितरण आता दिवसा ९ ते ५ च्या वापरावर सवलत देतं ती याचसाठी. ज्यांची गाडी दिवसा घरी असते त्यांनी ती घ्यावी. बाकीच्यांनी निदान संध्याकाळी सहा ते दहा चार्जिंग लावू नये, ती सगळ्यात वाईट वेळ.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, चांदागडांचे विशेष. त्यांची पोस्ट मी मीटिंगच्या ग्रुपवर टाकणार आहे, परवानगी असेल तर.

दोन प्रॅक्टिकल प्रश्न उरलेत. एक, माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये साधे १५ अँपियरचे सॉकेट आहेत, दिवसा तिथे लावता येईल, पण हळू चार्जिंगला गळती जास्त असते असं ऐकलंय. दोन, सोसायटीत परवानगी मिळालीच तर ३.३ किलोवॅटचा पॉइंट मागू की ७.२ चा? एका इलेक्ट्रिशियनने ७.२ च घ्या म्हणून फार गळ घातलीय, म्हणतो गळती पण कमी होईल. आणि घरच्या मीटरवरून घेऊ की वेगळा?

चांदागड

टाका टाका, परवानगी कसली. फक्त वाघाचं वाक्य काढा, नाहीतर तुमचे काका तेवढंच धरून बसतील.

बॉयलरबुवा

गळतीचं ऐकलंत ते खरं आहे. चार्जिंग चालू असताना गाडीतले कॉम्प्युटर, कूलिंगचा पंप वगैरे जागे असतात, त्यांना दोन तीनशे वॅट लागतातच, मग तुम्ही कितीही हळू भरा. १५ अँपियरच्या सॉकेटमधून गाडी अडीच-तीन किलोवॅट ओढत असेल तर त्यातले आठ दहा टक्के या जागरणातच गेले. तुमच्या सबमीटरवरच्या त्या दोन युनिटांतला बराचसा हिस्सा हाच, उरलेला चार्जरची उष्णता. तरीपण दिवसा ऑफिसला लावणं चांगलंच, दोन टक्के इकडे तिकडे झाले तरी रात्रीच्या कोळशापेक्षा बरं.

७.२ चा नाद सोडा. तुमच्या त्या जुन्या नेक्सॉनमधला ऑनबोर्ड चार्जरच ३.३ चा आहे. भिंतीवर मोठा डबा लावलात तरी गाडी तेवढंच घेणार, पैसे मात्र डब्याचे पूर्ण जातील, वर मंजूर भार वाढवायचा अर्ज, आणि मीटिंगमध्ये लोडचा मुद्दा परत उकरून निघेल तो वेगळाच. दहा गाड्यांना ३.३ चे पॉइंट म्हणजे ३३ किलोवॅट, आणि सगळ्या एकदम लागतच नाहीत, हे कमिटीला पटवायला सोपं.

मीटर वेगळा घ्या, ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मिळतं. महिन्याला हजार किमी फिरलात तर १६० युनिट होतात, ते घरच्या मीटरवर आले की तुम्ही १०१ ते ३०० च्या स्लॅबमधून वर ढकलले जाऊ शकता आणि मग ३०० च्या वरची युनिटं महाग पडतात.

आणि सॉकेट कुठलाही असो, ऑफिसचा पण, आधी अर्थिंग तपासून घ्या आणि पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर सॉकेट बदलल्याशिवाय परत लावू नका.